पान लागल्यावर: सर्पदंश आणि विंचूदंशावरच्या औषधांची पार्श्वभूमी

खानापूर-बेळगावकडच्या खेड्यांत रात्री साप चावला तर सापाचं नाव घेत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. मग लिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला नाही तर विष भिनलं, असा समज. पाल्यात आणि देवऋषाकडच्या फेऱ्यात जो तास जातो, तोच खरा औषधाचा तास.

औषध तसं जुनं आहे. पाश्चर संस्थेच्या अल्बेर काल्मेत यांनी 1894 च्या सुमारास नागाच्या विषावरची लस मांडली. घोड्याला विष थोडं थोडं टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार झाला की तो वेगळा काढायचा. पण नागावरची लस घोणशीच्या विषापुढे चालेना. म्हणून भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर मिळून एकच लस बनू लागली. परळच्या हाफकिन संस्थेचं यात मोठं काम आहे. लसीची भुकटी फ्रीजविना टिकते. वीज जाणाऱ्या दवाखान्यासाठी ही किती मोलाची गोष्ट! जांबोटी-कणकुंबीच्या रानातल्या चापडा या विषारी सापावर मात्र ही लस नाही.

घोणस किंवा फुरसं चावल्याची शंका असेल तर साधी काचेची नळी पुरते. स्वच्छ, कोरड्या नळीत 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल, वाहिलं, तर लस लगेच सुरू करायची. मण्यारीचं तसं नाही. जमिनीवर झोपलेल्याला ती चावते, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते आणि पापण्या मिटू लागतात.

इंगळीचा, म्हणजे विंचवाचा, इतिहास घाटाखालचा. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येऊन माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यावर वापरली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. विंचवावरची लस नंतर आली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत लस आणि गोळी दोन्ही मिळालेले रुग्ण नुसत्या गोळीवरच्यांपेक्षा कितीतरी तास आधी सावरले.

फेब्रुवारी 2024 मध्ये कर्नाटकाने सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. दवाखान्यात पोचलेल्याची नोंद आता होईल. देवऋषाच्या ओट्यावरच जीव गेलेला यातही सापडणार नाही.