रनटाइम एरर 200: वेगवान प्रोसेसरवर टर्बो पास्कलचे प्रोग्राम का बंद पडले

इंटेलचा पेंटियम टू हा वेगवान प्रोसेसर 1997 मध्ये बाजारात आला आणि डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरचे अनेक प्रोग्राम सुरू होताहोताच बंद पडू लागले. पडद्यावर एकच ओळ यायची: रनटाइम एरर 200, म्हणजे शून्याने भागाकार. मूळ प्रोग्रामात असा भागाकार शोधून सापडत नसे, कारण चूक त्यात नव्हतीच. ती बोर्लंडने 1992 मध्ये आणलेल्या टर्बो पास्कल 7 या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनाच्या सीआरटी युनिटमध्ये, म्हणजे पडदा, कळफलक आणि वेळ हाताळणाऱ्या तयार कोडमध्ये, होती.

या युनिटमधले 'डिले' हे फंक्शन प्रोसेसरला रिकाम्या फेऱ्या मारायला लावून वेळ काढते. एका मिलिसेकंदात किती फेऱ्या होतात, हे ते प्रोग्राम सुरू होतानाच मोजते. बायोस या संगणकातल्या मूळ सॉफ्टवेअरच्या घड्याळाचा एक ठोका सुमारे 55 मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळातल्या फेऱ्या मोजायच्या, त्यांना 55 ने भागायचे आणि उत्तर 16 बिटांत ठेवायचे, अशी ही रचना. 16 बिटांत जास्तीत जास्त 65,535 मावतात. फेऱ्या 36,04,480 झाल्या की उत्तर मावत नाही. तीन क्लॉकना (प्रोसेसरच्या घड्याळाच्या स्पंदनांना) एक फेरी धरली, तर ही मर्यादा 200 मेगाहर्ट्झच्या आसपास येते. उत्तर मावले नाही तरी प्रोसेसर शून्याने भागल्यावर येणारा इंटरप्ट 0 हा चुकीचा इशाराच देतो, म्हणून संदेश दिशाभूल करणारा. शिवाय हे सगळे मुख्य प्रोग्रामच्या पहिल्या ओळीआधी घडते. त्यामुळे प्रोग्रामात 'डिले' एकदाही वापरलेले नसले, तरी नुसते सीआरटी जोडलेले असणे पुरते.

सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, हाताशी असेल तर खरा इलाज सरळ आहे: मोजणी 32 बिटांची करून सीआरटी नव्याने कंपाइल करायचे (यंत्रभाषेत बदलायचे), टीपीयूमूव्हर या टर्बो पास्कलच्या साधनाने टर्बो.टीपीएल या युनिटांच्या फाइलमधले जुने युनिट काढून नवे घालायचे आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा.

नुसती थेट चालणारी ईएक्सई फाइल असेल तर फाइलमधले बाइट दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये 'एफ7 डी0 एफ7 डी2 बी9 37 00 एफ7 एफ1' ही बाइटमाला शोधतात. यातले 37 00 म्हणजे सोळाच्या पद्धतीत लिहिलेला 55 हा भाजक. त्या जागी एफएफ एफएफ, म्हणजे 65,535, लिहिले की भागाकार मावतो आणि प्रोग्राम उघडतो. मात्र भाजक सुमारे 1,191 पट मोठा झाल्याने प्रत्येक 'डिले' तितक्याच पटीने आखूड होतो. नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रामला याने फरक पडत नाही. पण खेळ किंवा सिरियल पोर्टवरून यंत्र चालवणारा प्रोग्राम यामुळे निकामी होतो, आणि यंत्राच्या बाबतीत ते धोक्याचेही आहे. बाइटमाला सापडलीच नाही, तर फाइल पीकेलाइट किंवा एलझेडईएक्सई या फाइल लहान करणाऱ्या साधनाने आवळलेली असू शकते. ती आधी उलगडावी लागते. मूळ फाइलची प्रत राखूनच हे करावे.

विंडोज 95 लाही अशाच मोजणीने गाठले. एएमडीच्या के6-2 वर 'लूप' ही फेऱ्या मारण्याची सूचना फार वेगाने चाले. 350 मेगाहर्ट्झ आणि त्यापुढच्या चिपांवर विंडोज सुरू होताना प्रोटेक्शन एरर येई, आणि मायक्रोसॉफ्टला त्यासाठी वेगळा पॅच काढावा लागला.

आज असा प्रोग्राम चालवायचा तर जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणारा डॉसबॉक्स बरा. त्यात सायकल्स, म्हणजे दर मिलिसेकंदाला चालणाऱ्या सूचना, 3000 ठेवल्यास एका ठोक्यात सुमारे 1,65,000 सूचनाच चालतात. मर्यादा खूप दूर राहते, 'डिले'ही बरोबर वेळ पाळतो आणि फाइलला हात लावावा लागत नाही.