‘विशेष’मधला ष कोण शिकवतं?

दरवर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, शाळाशाळांतून एकच भाषण होतं: मोबाईल ठेवा, पुस्तक हातात घ्या. तिसरीतली पोरं मांडी घालून ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि पुस्तकांच्या कपाटाला पुन्हा कुलूप लागतं. एकदा मनावर घेतलं की मूल वाचायला लागेल, असं भाषण करणाऱ्याला वाटत असतं. डच जुळ्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात सात-आठ वर्षांच्या मुलांबद्दल दिसलं ते असं: ज्यांना बरं वाचता येतं ती आपणहून जास्त वाचतात. जास्त वाचल्यामुळे बरं वाचता येतं, हा परिणाम त्या वयात फारसा सापडलाच नाही. अक्षर अक्षर फोडत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरणाऱ्या मुलाला पुस्तक म्हणजे शिक्षाच. आणि अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. शिक्षणाची स्थिती तपासणाऱ्या ‘असर’ अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या जास्त मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता आला नव्हता.

मग वाचन सहज होतं म्हणजे नेमकं काय होतं?

१८८७ साली पॅरिसमधल्या एका निवृत्त व्यापाऱ्याला एके दिवशी वाचता येईनासं झालं. दृष्टी शाबूत होती, बोलणं ठीक होतं, आकडेही वाचता येत होते. तो लिहूही शकत होता. पण स्वतःच लिहिलेलं त्याला वाचता येत नव्हतं. देजेरिन या डॉक्टरांनी १८९२ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या मेंदूच्या डाव्या, मागच्या भागाला इजा झाली होती. पुढे शंभरेक वर्षांनी मेंदूची चित्रं घेता येऊ लागली, तेव्हा लोरां कोहेन आणि स्तानिस्लास देहान या फ्रेंच मेंदूसंशोधकांनी डाव्या कानामागे, मेंदूच्या तळाशी असलेली एक लहानशी जागा नेमकी दाखवली. लिखित शब्द दिसला की ती जागी होते, मग लिपी कुठलीही असो.

गंमत अशी की ही जागा वाचनासाठी ‘बनलेली’ असूच शकत नाही. लेखन जेमतेम पाच हजार वर्षांचं आहे. उत्क्रांतीला एवढ्यात नवा अवयव घडवायला सवड नाही. देहान यांच्या मते चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या पेशींतलाच एक तुकडा मूल अक्षरांच्या कामाला लावतं. म्हणून जुन्या कामाच्या सवयीही सोबत येतात. मांजर डावीकडे बघो की उजवीकडे, मांजरच. त्यामुळे लहान मूल ३ आणि ६ यांची खुशाल अदलाबदल करतं. हा आळस नव्हे, कृपया त्याला ओरडू नका.

हा बदल लहानपणीच होतो असंही नाही. लखनौजवळच्या खेड्यांतल्या तिशीच्या आसपासच्या निरक्षर माणसांना सहा महिने देवनागरी शिकवली आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. २०१७ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांनुसार थॅलॅमस आणि मस्तिष्कस्तंभ या खोल भागांचं दृष्टिकेंद्राशी असलेलं संधान अधिक घट्ट झालं होतं.

आता देवनागरीकडे या, कारण आपल्या मुलांची झुंज तिच्याशी आहे. ‘किती’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, जिभेला मात्र आधी क् म्हणायचा असतो. ‘पर्वत’मध्ये रफार बसतो व च्या डोक्यावर, उच्चार मात्र व च्या आधी. पहिल्या वेलांटीच्या अशा शब्दांना हिंदी वाचकांनाही जास्त वेळ लागतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. वर बाराखडी, जोडाक्षरं, चिन्हं शेकड्यांनी. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतली मुलं पाहिली, तर अक्षरांवर पूर्ण हुकूमत यायला चौथीपर्यंतचा काळ जात होता. देवनागरीची घडणही त्याच जातीची. दुसरीत ‘झालं एकदाचं वाचायला’ म्हणून आपण हात झटकतो, ते फार लवकर.

शेकडो चिन्हं आणि हजारो शब्द कुठलाही शिक्षक एकेक करून शिकवू शकत नाही. इथेच वाचनाचे अभ्यासक डेव्हिड शेअर यांची १९९५ सालची कल्पना मला विलक्षण वाटते: मूल स्वतःलाच शिकवतं. अनोळखी शब्द ते तोंडाने फोडतं, त्यातून उच्चार तयार होतो, तो कानाला ठाऊक असलेल्या शब्दाशी जुळतो, आणि जुळला त्या क्षणी डोळ्यांसमोरची अक्षररचना त्या शब्दाला चिकटते. शेअर यांनी हिब्रू वाचणाऱ्या दुसरीच्या मुलांना गोष्टींतून बनावट शब्द वाचायला दिले. तीन दिवसांनी त्याच उच्चाराची दुसरी रचना समोर ठेवली, तरी मुलांनी वाचलेलीच रचना जास्त वेळा ओळखली. मराठीत ‘विशेष’ घ्या. पहिला श, दुसरा ष. बोलताना बहुतेकांना फरक नाही. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हेही कान सांगत नाही. ते फक्त डोळ्याला माहीत होतं, पुन्हा पुन्हा भेटून.

साखळीत एक कच्चा दुवा आहे: शब्द कानाला आधी ठाऊक हवा. नंदुरबारमधलं घरी पावरी बोलणारं मूल ‘अंगण’ अचूक फोडेल, पण जुळवायला आत काही नसेल तर तो नुसता आवाज राहतो.

या साखळीला आडवाट नाही. मेंदूचा मधला भाग ‘जागा’ करून देतो म्हणणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’वाले डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना वाचायला लावतात आणि हजारो रुपये उकळतात. नाकाजवळची फट नीट बुजवली की ती विद्या गायब होते, हे विवेकवादी कार्यकर्त्यांनी वेळोवेळी उघड केलं आहे. वाचताना डोळे ओळीवरून उड्या मारत जातात, त्या उड्यांना मिडब्रेन मदत करतो खरा. डोळे उघडे असतील तर.

तेव्हा मुलांना हवीत पुष्कळ, सोपी, हाताला लागतील अशी पुस्तकं. जिल्हा परिषदेच्या कितीतरी वर्गांत दोरीवर पुस्तकं टांगलेली असतात, ती व्यवस्था कुलूपबंद कपाटापेक्षा शतपटीने शास्त्रीय. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. बक्षिसांचं मात्र जपून. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रं काढण्याबद्दल प्रशस्तिपत्र कबूल केलेली बालवाडीतली मुलं नंतर आपणहून कमी चित्रं काढू लागली.

आणि मुलांनी आपसात केलेली पुस्तकांची अदलाबदल? माझा अंदाज असा की तिचा खरा फायदा पुस्तक हातात पडण्याआधी होतो. “यात तो कोल्हा रांजणात पडतो ना, लई भारी!” असं सांगत मैत्रीण पुस्तक पुढे करते, तेव्हा ‘रांजण’ कानात आधीच शिरलेला असतो. पान तीनवर तो दिसला की जुळवायला आत काहीतरी असतं. म्हणून पुस्तक परत करताना वहीत सारांश लिहून घेण्यापेक्षा, पुढे ज्याला द्यायचं त्याला दोन मिनिटं तोंडी सांगू द्यावं, घरच्या बोलीत सांगितलं तरी चालेल.