समुद्रशैवालजन्य प्लास्टिक

समुद्रशैवालातील बहुशर्करांपासून (साखरेच्या घटकांच्या लांब साखळ्यांपासून) बनवलेले, सूक्ष्मजीवांमुळे विघटित होणारे पटल किंवा वेष्टनद्रव्य. शैवालातील साखर आंबवून मिळवलेले पॉलिलॅक्टिक आम्ल हे प्लास्टिकही काही लेखक याच वर्गात घालतात. त्यात शैवाल केवळ कच्ची साखर पुरवते, तयार पदार्थात त्याचा गुणधर्म उतरत नाही. म्हणून ते येथे वगळले आहे.

अशा बहुशर्करांपैकी ॲगर व कॅराजिनन लाल शैवालांत (जेलिडियम, ग्रॅसिलॅरिया, कॅपाफायकस) आणि अल्जिनेट तपकिरी शैवालांत (लॅमिनेरिया, मॅक्रोसिस्टिस) आढळते. ॲगरचा उगम जपानमधील मानतात. त्यासाठी दिले जाणारे १६५८ हे साल परंपरेवर आधारलेले असल्याने ‘सतराव्या शतकाचा मध्य’ म्हणणे अधिक सुरक्षित. अल्जिनचा (अल्जिनेटाचे जुने नाव) शोध ब्रिटिश रसायनज्ञ एडवर्ड स्टॅनफोर्ड यांचा. काही ग्रंथ १८८३ साल देतात, परंतु १८८१ चे पेटंट त्याआधीचे आहे.

अल्जिनेटाच्या साखळीत मॅन्युरॉनिक (एम) व ग्युल्युरॉनिक (जी) आम्लांचे घटक असतात. लागोपाठच्या जी-घटकांच्या खाचांत कॅल्शियमचे आयन बसून शेजारच्या साखळ्या जोडल्या जातात. ‘अंड्यांच्या ट्रे’ची उपमा दिलेले हे प्रारूप १९७३ मध्ये मांडले गेले, तपशिलांत दुरुस्त्या झाल्या, तरी मूळ कल्पना टिकून आहे. जी अधिक असल्यास पटल ताठ व ठिसूळ, एम अधिक असल्यास लवचीक होते. हे प्रमाण शैवालाची जात, ऋतू व भाग (देठ की पान) यांनुसार बदलते, त्यामुळे एकच कृती प्रत्येक मालाला लागू पडत नाही.

कृती : १०० मिली ऊर्ध्वपातित पाणी जोरात ढवळत असताना त्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट थोडे थोडे भुरभुरावे, एकदम टाकल्यास बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात. कठीण पाण्यातील कॅल्शियममुळे द्रावण आधीच दाणेदार बनते. पटल लवचीक राहावे म्हणून ०.८ ग्रॅम ग्लिसरीन घालून द्रावण रात्रभर झाकून ठेवावे, म्हणजे बुडबुडे निघून जातात. राहिलेला प्रत्येक बुडबुडा पुढे छिद्र ठरतो. सपाट पात्रात ३ मिमी थर ओतून सुमारे ४०° से. ला वाळवल्यास जवळपास ०.०६ मिमी जाडीचे पटल मिळते. उष्णता वाढवल्यास वर साय धरते व आत पाणी अडकते. वाळलेले पटल २ टक्के कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून, धुऊन, कडा ताणून पुन्हा वाळवावे. कडा मोकळ्या राहिल्यास ते आक्रसून वळते. या द्रावणात ग्लिसरीनही झिरपून जाते, म्हणून काही जण त्यातही थोडे ग्लिसरीन मिसळतात.

मर्यादा : अल्जिनेट वितळण्याआधीच विघटित होते, त्यामुळे पॉलिथिनची फुगवण-यंत्रे (वितळलेले प्लास्टिक फुगवून पटल बनवणारी) त्याला थेट वापरता येत नाहीत. वाफ अडवण्याची क्षमता कमी असते. तेलाला मात्र पटल चांगले रोधक. सोडियमयुक्त पाण्यात कॅल्शियम निघून जाऊन पटल फुगते व विरते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये अल्जिनेट धाग्यांवर काम झाले; ते धागे साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात टिकत नसत, त्याचेही कारण हेच.

व्यापारी वापर अद्याप मर्यादित आहे. लंडनमधील नॉटप्ला या कंपनीच्या, क्रीडापेयाने भरलेल्या खाद्य पिशव्या २०१९ च्या लंडन मॅरेथॉनमध्ये वाटल्या गेल्या. खत होऊ शकणाऱ्या वेष्टनांसाठीच्या ईएन १३४३२ या युरोपीय मानकानुसार सेंद्रिय कार्बनचे सहा महिन्यांत ९० टक्के विघटन अपेक्षित असते. ही चाचणी औद्योगिक खतनिर्मितीच्या तापमानाला होते, थंड समुद्राच्या पाण्यात नव्हे.