अपाचे: गाडी, सर्व्हर आणि एक मासा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत ‘अपाचे घेतली’ असं कुणी म्हटलं, तर ती टीव्हीएसची मोटारसायकल. 2006 पासून हे नाव रस्त्यावर आहे. हवाई दलात मात्र अपाचे म्हणजे 2019 मध्ये पठाणकोटला दाखल झालेली लढाऊ हेलिकॉप्टरं. त्यात पायलट मागच्या आसनावर बसतो, पुढे दुसरा वैमानिक असतो आणि पोटाखालची 30 मिलिमीटरची तोफ तो डोकं वळवेल तिकडे वळते. मूळ अपाचे मात्र अमेरिकेच्या नैऋत्येतले अनेक आदिवासी समाज. ज्या अमेरिकी लष्कराला अपाचे योद्धा जेरोनिमो 1886 मध्ये शरण गेला, त्याच लष्कराने पुढे हेलिकॉप्टरला हे नाव दिलं. याला काय म्हणावं!

वेब सर्व्हर, म्हणजे संकेतस्थळाची पानं मागेल त्याला पाठवणारं सॉफ्टवेअर; त्यातलं अपाचे 1995 चं. गुऱ्हाळवाल्याचं किंवा चप्पल विक्रेत्याचं छोटं संकेतस्थळ त्यावर चालवताना घोळ होतो तो दिवाळीच्या गर्दीत. जुन्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीत प्रत्येक जोडणीला स्वतंत्र प्रोसेस (चालू असलेली प्रोग्रॅमची एक प्रत) लागते आणि मूळ मर्यादा 256 असते. पानं तयार करणाऱ्या पीएचपी या संगणकभाषेसकट एक प्रोसेस 40 एमबी खात असेल, तर 256 प्रोसेसना सुमारे 10 जीबी मेमरी हवी. भाड्याच्या सर्व्हरवर असते 4 जीबी. मग डिस्कचा मेमरीसारखा वापर सुरू होतो आणि पान उघडतच नाही. लोक घाईघाईत मर्यादा 500 करतात आणि दुखणं वाढवतात. ती उलट कमी करायची: डेटाबेस आणि सिस्टिमसाठी 1 जीबी बाजूला ठेवून उरलेल्या 3 जीबीला 40 एमबीने भागलं, तर 75 च्या आसपास येते. जास्तीचे ग्राहक रांगेत थांबतील, पण सर्व्हर आडवा होणार नाही. पक्का उपाय म्हणजे थोड्या प्रोसेसमध्ये अनेक जोडण्या सांभाळणारी ‘इव्हेंट’ पद्धत घेऊन पीएचपी ‘एफपीएम’ या स्वतंत्र प्रोग्रॅमवर वेगळं चालवायचं. मग नुसत्या फोटोसाठी पीएचपीचा बोजा वाहावा लागत नाही.

सगळ्यात कमी ठाऊक असलेला अपाचे म्हणजे मासा. ॲरिझोनाच्या व्हाइट माउंटन्समधल्या थंड ओढ्यांतला हा सोनेरी पिवळा ट्राउट. बुबुळाच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या ठिपक्यांमुळे डोळ्यावर पट्टा ओढल्यासारखा दिसतो. मासेमारीच्या शौकिनांसाठी बाहेरून आणून सोडलेल्या रेनबो ट्राउटशी त्याचा संकर होऊ लागला, ब्राउन ट्राउट त्याला खाऊ लागला, आणि शुद्ध जात वरच्या काही ओढ्यांतच उरली. व्हाइट माउंटन अपाचे समाजाने 1950 च्या दशकातच आपल्या ओढ्यांवर मासेमारी बंद केली. पुढे ओढ्यांवर मासा खालून वर उडी मारू शकणार नाही असे बांध घातले, वरच्या भागातले परके मासे विजेचा सौम्य झटका किंवा मत्स्यनाशक वापरून काढले आणि मग शुद्ध ट्राउट सोडले. 2024 मध्ये तो संकटग्रस्त प्रजातींच्या अमेरिकी यादीतून बाहेर आला. बांधांची देखभाल मात्र चालूच ठेवावी लागते. पुरात एखादा फुटून रेनबो वर शिरला, तर त्या ओढ्याची साफसफाई पुन्हा पहिल्यापासून.