शांताराम, व्ही. : उत्तरकालीन चित्रपट व त्यांविषयीचे मतभेद

व्ही. शांताराम (१८ नोव्हेंबर १९०१–३० ऑक्टोबर १९९०) यांची दिग्दर्शकीय कारकीर्द 'नेताजी पालकर' (१९२७) या मूकपटापासून 'झंझार' (१९८६–८७) या हिंदी चित्रपटापर्यंत पसरलेली आहे. तिच्या उत्तरार्धातील चित्रपटांची योग्यता हा मराठी चित्रसमीक्षेतील जुना आणि अद्याप न मिटलेला वाद होय. 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी' या प्रभात फिल्म कंपनीच्या सामाजिक बोलपटांचा कर्ता पुढे नृत्य, रंग आणि नेपथ्य यांच्या आहारी गेला, असे एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाच्या मते हा ओढा त्यांच्यात मुळापासून होता. रंगीत फिल्म आणि स्वतःचा स्टुडिओ हाती आल्यावर तो उघड झाला एवढेच.

उत्तरकाळ कोठून धरावा : वादाचा बराचसा भाग या एका प्रश्नावर अडलेला आहे. चार सीमारेषा सुचवल्या जातात. (१) १९४२ : शांताराम प्रभात सोडून मुंबईत परळला राजकमल कलामंदिर हा स्वतःचा स्टुडिओ उभारतात. (२) १९५५ : 'झनक झनक पायल बाजे' टेक्निकलर या रंगीत पद्धतीने निघतो. (३) १९५७ व १९५९ यांमधील खिंड, म्हणजे 'दो आँखें बारह हाथ'नंतर आणि 'नवरंग'पूर्वी. (४) साठचे दशक, ढोबळपणे 'स्त्री' (१९६१) पासून.

पहिली रेषा संस्थेच्या इतिहासाला सोयीची असली तरी मूल्यमापनाला निरुपयोगी आहे. ती मान्य केली तर 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' (१९४६), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७, बाबूराव पेंटर यांच्यासह) आणि 'अमर भूपाळी' (१९५१, काही सूचींत १९५२) हे सारे उत्तरकालीन ठरतात आणि 'ऱ्हास' हा शब्दच अर्थहीन होतो. दुसरी रेषा तंत्राच्या अंगाने आकर्षक आहे, पण 'झनक झनक'नंतरच्या 'दो आँखें' मध्ये शांताराम पुन्हा कृष्णधवलाकडे वळले, हे तिच्याआड येते. चौथी रेषा धरल्यास 'नवरंग' रेषेच्या आधी राहतो आणि पुढच्या चित्रपटांचा बराचसा कित्ता त्यातच घालून दिलेला असल्याने विवेचन लंगडे पडते. प्रस्तुत नोंदीत तिसरी रेषा धरली आहे. 'दो आँखें' ला १९५८ च्या बर्लिन महोत्सवात 'रौप्य अस्वल' हा पुरस्कार मिळाला. समीक्षकांचे जवळजवळ एकमत असलेला हा शांताराम यांचा शेवटचा चित्रपट. त्यानंतर मते फुटतात.

आक्षेप आणि उत्तरे : आक्षेपांचा मुख्य आधार म्हणजे 'कुंकू'शी (१९३७, ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारित) तुलना. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे टोले आणि घरातले आवाज यांवरच ताण पेललेला आहे. उलट 'सेहरा' (१९६३) किंवा 'जल बिन मछली नृत्य बिन बिजली' (१९७१) यांत भावनेचा प्रत्येक चढउतार नाचून, रंगवून आणि वाजवून दाखवला जातो. हा फरक खरा आहे. मात्र त्यावरून 'आधीचा वास्तववादी, नंतरचा दिखाऊ' असा निष्कर्ष काढताना 'अमृतमंथन' (१९३४) विसरला जातो. चंद्रमोहन यांच्या डोळ्यांची ती प्रचंड समीपदृश्ये (क्लोज-अप), भव्य मंदिर, बळीचा देखावा हे सर्व प्रभातच्याच काळातले. 'शेजारी'च्या (१९४१) शेवटी फुटणारे धरणही सामाजिक आशयाइतकेच देखाव्याच्या हौसेतून आलेले आहे. देखाव्याचा सोस नवा नव्हता. त्याला लगाम घालणारी माणसे बदलली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. प्रभातमध्ये दामले आणि फत्तेलाल हे बरोबरीचे भागीदार होते. राजकमलमध्ये निर्माता, दिग्दर्शक, स्टुडिओचा मालक आणि अनेकदा नटही एकच असे. अण्णासाहेबांना (म्हणजे शांताराम यांना) 'नको' म्हणणारा सेटवर कोणी उरला नाही, असे वर्णन केले तर ते फारसे चूक ठरणार नाही.

लेखनाची बाजूही पाहावी लागते. 'शकुंतला' आणि 'झनक झनक' यांना दिवाण शरर, 'कोटणीस'ला ख्वाजा अहमद अब्बास, 'दो आँखें' ला ग. दि. माडगूळकर असे पटकथेचे भक्कम हात लाभले होते. 'दो आँखें' च्या कथेमागे औंध संस्थानातील आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूर येथील मुक्त कारागृहाचा प्रत्यक्ष प्रयोग होता. साठच्या दशकातील चित्रपटांत असा बाहेरच्या जगातला टणक आधार क्वचितच सापडतो. कलावंत, त्याची प्रेरणा आणि विरह या एकाच त्रिकोणाभोवती कथा फिरत राहतात.

थेट तुलनेला एक जोडी उपलब्ध आहे. 'शकुंतला' (१९४३) आणि 'स्त्री' (१९६१) या दोन्हींत कथानक शकुंतलेचेच. पहिल्यात जयश्री, दुसऱ्यात संध्या शकुंतला आणि स्वतः शांताराम दुष्यंत. एकाच दिग्दर्शकाने अठरा वर्षांच्या अंतराने तीच कथा हाताळल्याने काय वाढले आणि काय गळले ते मोजता येते. वाढले ते रंग आणि नृत्य. गळली ती कथेची चपळाई. आक्षेपकांनी 'कुंकू'ऐवजी ही जोडी वापरली असती तर वाद अधिक नेमका झाला असता.

'नवरंग' : या चित्रपटाच्या उगमाविषयी एकच हकिगत पुन्हा पुन्हा छापली जाते. 'दो आँखें' मधील बैलाच्या झुंजीच्या चित्रणात शांताराम यांच्या डोळ्यांना इजा झाली; पट्टी बांधलेल्या अवस्थेत मिटल्या डोळ्यांपुढे रंग नाचू लागले आणि त्यातून 'नवरंग' सुचला. चित्रपटाच्या आरंभी स्वतः शांताराम प्रेक्षकांसमोर येऊन हा संदर्भ देतात, त्यामुळे हकिगतीला कर्त्याचीच साक्ष आहे. अपघात झाला याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र रंगाचा ध्यास त्याहून खूप जुना. १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी ते जर्मनीपर्यंत गेले होते आणि तो प्रयोग फसला होता. 'झनक झनक' तर अपघातापूर्वीचाच. म्हणून हकिगतीला निर्मितीचे कारण न मानता निमित्त मानणे सुरक्षित.

कथा कवी दिवाकर (महिपाल) आणि त्याची पत्नी जमुना (संध्या) यांची. घरातली जमुना रुक्ष, तर कवीच्या कल्पनेतली तिचीच प्रतिमा 'मोहिनी' सालंकृत. संगीत सी. रामचंद्र यांचे, गीते भरत व्यास यांची. 'अरे जा रे हट नटखट' या होळीगीतात संध्या स्त्री आणि पुरुष दोन्ही भूमिका नाचतात. डोक्याच्या मागच्या बाजूला पुरुषाचा मुखवटा, वेशही पुढून एक आणि मागून दुसरा, त्यामुळे गिरकी घेतली की पात्र बदलते. ही करामत लॅबमध्ये नव्हे, नर्तिकेच्या अंगात घडते. तिला दोन अटी असतात. एक, गिरकी नेमकी समेवर संपली पाहिजे, नाहीतर बदल चुकल्यासारखा दिसतो. दुसरी, कॅमेरा पूर्णाकृतीच्या अंतरावर राहिला पाहिजे, कारण जवळ गेले की मुखवट्याचा निश्चल चेहरा उघडा पडतो. उत्तरकालीन शांताराम यांचे बळ आणि मर्यादा दोन्ही येथे दिसतात : कल्पना चोख, अंमल कसबी, पण नजर चेहऱ्यापासून दूर.

साठचे दशक : 'सेहरा', 'गीत गाया पत्थरों ने' (१९६४), 'इये मराठीचिये नगरी' (१९६५) व तिचे हिंदी रूप 'लडकी सह्याद्रि की' (१९६६), 'बूँद जो बन गई मोती' (१९६७) हे या काळातील प्रमुख चित्रपट. यांची चर्चा बहुधा संगीतापुरती होते, आणि ती अनाठायी नाही. रामलाल यांचे 'सेहरा'तील 'पंख होते तो उड आती रे', किशोरी आमोणकर यांनी गायिलेले 'गीत गाया'चे शीर्षकगीत, मुकेश यांचे 'ये कौन चित्रकार है' ही गाणी चित्रपटांपेक्षा अधिक टिकली. जितेंद्र यांचा नायक म्हणून प्रवेश 'गीत गाया' मधून झाला.

'पिंजरा' : उत्तरकाळाची बाजू मांडणारे अखेर याच चित्रपटाशी येऊन थांबतात. मराठी आवृत्ती १९७२ ची, हिंदी १९७३ ची. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार 'पिंजरा'ला मिळाला. संगीत राम कदम, गीते जगदीश खेबुडकर. कथेचे श्रेय अनंत माने यांच्याकडे, तर पटकथा-संवादांचे शंकर पाटील यांच्याकडे जाते. हा पहिला रंगीत मराठी चित्रपट असे सर्रास लिहिले जाते, पण त्या मानासाठी 'इये मराठीचिये नगरी'चेही नाव घेतले जाते आणि सात वर्षे आधीचा असल्याने तिचा दावा वजनदार आहे.

मुळाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. शिस्तीचा शिक्षक एका नाचणारीच्या नादी लागून धुळीला मिळतो, हे सूत्र योझेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या 'द ब्लू एंजल' (१९३०) या जर्मन बोलपटातून आल्याचे सर्वमान्य आहे. आणि तो चित्रपट हाइन्रिख मान यांच्या १९०५ च्या 'प्रोफेसर उनराट' या कादंबरीवर बेतलेला. शांताराम १९३३ मध्ये जर्मनीत होते, तेव्हा बीज त्या वेळीच पडले असे मानण्याचा मोह होतो. पण मधे जवळजवळ चाळीस वर्षे जातात आणि 'लोकशाहीर रामजोशी'पासून 'सांगत्ये ऐका'पर्यंत (१९५९) तमाशापटांची मराठी परंपराच मधे उभी राहते. अनंत माने हे त्याच परंपरेतले असल्याने धागा जर्मनीपेक्षा कोल्हापूरकडून अधिक ओढला गेला असावा.

तिन्ही कृतींचे शेवट शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. कादंबरीतला प्राध्यापक सूडाने पेटून साऱ्या गावाला नासवतो आणि शेवटी पकडला जातो. जर्मन चित्रपटातला प्राध्यापक विदूषक बनतो, वेडापिसा होऊन जुन्या वर्गात परततो आणि टेबलाला कवटाळून मरतो. 'पिंजरा'तले गुरुजी (श्रीराम लागू) मात्र गावाच्या लेखी आधीच मेलेले असतात : चेहरा न ओळखू येणाऱ्या दुसऱ्याच प्रेतावर त्यांचे कपडे सापडतात, गाव त्यांचा पुतळा उभारते, आणि फडात पडेल ते काम करणाऱ्या या माणसावर पुढे गुरुजींच्याच खुनाचा आळ येतो. खरे सांगितले तर जीव वाचेल, पण गावाचा आदर्श मरेल. ते गप्प राहून फाशी जातात. हा पेच आधीच्या दोन्ही कृतींत नाही. पतनाच्या कथेला त्यागाची कथा केल्याने चित्रपट सौम्य झाला, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आपल्याच प्रतिमेसाठी आपला बळी देणारा सुधारक ही कल्पना 'ब्लू एंजल'पेक्षा अधिक कडू आहे, आणि 'माणूस' करणाऱ्या दिग्दर्शकाला ती शोभणारी आहे.

अभिनयाच्या बाबतीत आक्षेपकांचे म्हणणे मान्य करावे लागते. लागू आणि निळू फुले आवाज व नजर राखून काम करतात. संध्या यांची चंद्रकला मान, भुवया आणि कंबर यांच्या ठरीव मुद्रांतून उभी राहते. लावणीत हे खपते, नव्हे शोभते. लागू आणि संध्या यांच्या संवादप्रसंगांत मात्र दोन वेगवेगळे चित्रपट एका चौकटीत आल्यासारखे वाटते.

प्रतींचा प्रश्न : 'भडक रंग' या आक्षेपाची छाननी करताना कोणती प्रत पाहिली हे आधी विचारावे. टेक्निकलरच्या रंजक-स्थानांतर पद्धतीने (रंग छापल्यासारखे फिल्मवर उतरवून) काढलेल्या प्रतीतील रंग दशकानुदशके टिकतात. ईस्टमनकलर प्रकारच्या त्या काळच्या प्रतींत निळसर-हिरवा रंजक साध्या तापमानाला सर्वांत आधी उडतो; उरतात किरमिजी आणि पिवळा, आणि चित्र गुलाबी-तांबडे होते. ओळखण्याची खूण सोपी : काळे केस तपकिरी, झाडे मातकट, पांढरे धोतर गुलाबी झाक मारणारे. अशा प्रतीवरून दूरचित्रवाणीसाठी उतरवताना रंग वाढवले की चेहरे केशरी होतात. शिवाय जुन्या चौकटीचे चित्र रुंद पडद्याला बसवण्यासाठी वर-खाली कापले जाते आणि नृत्यात नेमके पावलांचे काम जाते. शांताराम यांच्या नृत्यप्रसंगांचे यात सर्वाधिक नुकसान होते.

पूर्वकाळाच्या बाबतीतही परिस्थिती निर्मळ नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारातील साठ्याला आग लागून नायट्रेट या जुन्या, ज्वालाग्राही फिल्मवरील अनेक मूळ प्रती नष्ट झाल्या. प्रभातचे चित्रपट आज मुख्यतः पुढच्या पिढीच्या प्रतींवरून पाहिले जातात. त्यांतला गडद, 'गंभीर' काळोख काही अंशी प्रतीवरून प्रत काढताना वाढलेल्या काळ्या-पांढऱ्यातील विरोधाचाही असू शकतो.

अखेरचे चित्रपट : 'चंदनाची चोळी अंग अंग जाळी' (१९७५) याविषयी समीक्षात्मक लेखन तुरळक आहे. चिं. त्र्यं. खानोलकर यांच्या कादंबरीवरील 'चानी'त (१९७७) रंजना यांची प्रमुख भूमिका आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत. कोकणातील निसर्गचित्रण जमले, मात्र खानोलकरांच्या गद्यातील गूढ पडद्यावर उतरले नाही, असा सर्वसाधारण अभिप्राय आहे. १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार शांताराम यांना मिळाला आणि 'शांतारामा' हे आत्मचरित्र ऐंशीच्या दशकात प्रसिद्ध झाले. 'झंझार' याच सुमाराचा. त्याचे वर्ष सूचींत १९८६ आणि १९८७ असे दोन्ही आढळते.