पार्श्वभूमी: आयटी प्रकल्प व्यवस्थापनाचं पहिलं प्रशिक्षण आणि ३५ तासांची अट

तीन-चार वर्षं कोड लिहिलेल्या माणसाच्या हाती टीम सोपवण्याआधी त्याला काय शिकवायचं, हे भारतात आधी कंपन्यांनी ठरवलं आणि नंतर परीक्षांनी, त्यातही पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्र परीक्षेने. शीर्षकातली ३५ तासांची अट तिच्याच अर्जाची. कंपन्यांनी ते ऑडिटच्या गरजेतून ठरवलं. ही परीक्षा तर नवशिक्यासाठी नव्हतीच.

गँट चार्ट, पर्ट, क्रिटिकल पाथ ही वेळापत्रक आखण्याची जुनी अवजारं सगळ्यांच्या परिचयाची आहेत. १९५७-५८च्या सुमारास त्यांतलं पर्ट अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलं, क्रिटिकल पाथ रसायन कारखान्यांच्या उभारणी-देखभालीतून. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती उसनी घेतली. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशच्या परिषदेत सॉफ्टवेअरची कामं वेळेत आणि पैशात का बसत नाहीत यावर बरंच मंथन झालं. १९८५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने कंत्राटदारांसाठी टप्प्याटप्प्याने कागद मागणारं एक मानक काढलं. आपल्याकडच्या प्रशिक्षणावर या साऱ्याची सावली पडली, पण ती बरीच उशिरा.

इथली खरी सुरुवात नव्वदच्या दशकातली. सॉफ्टवेअर पार्क, उपग्रहाच्या लिंक्स आणि पाठोपाठ वायटूकेची (सन २००० साठी संगणकातल्या तारखा दुरुस्त करण्याची) कामं यांमुळे माणसं ऑनसाइट, म्हणजे क्लायंटकडे, पाठवण्याऐवजी कामच ऑफशोअर, म्हणजे इथे, आणणं जमू लागलं. हजारो मैलांवरच्या क्लायंटला भरवसा कसा द्यायचा, ही अडचण सीएमएमने (कॅपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल) सोडवली. पिट्सबर्गच्या एका विद्यापीठात संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या केंद्राने लष्कराचे कंत्राटदार पारखण्यासाठी ही पाच पातळ्यांची चौकट बनवली होती. तिची १.१ ही आवृत्ती १९९३ची. दुसऱ्या पातळीची सहाही क्षेत्रं म्हणजे प्रकल्प चालवण्याचा पायाच: गरजा सांभाळणं, नियोजन, पाठपुरावा, उपकंत्राटं, गुणवत्ता तपासणी, कॉन्फिगरेशन (कोड आणि कागदांच्या आवृत्त्या सांभाळणं). तिसऱ्या पातळीवर तर प्रशिक्षण कार्यक्रम हे स्वतंत्र क्षेत्रच होतं. म्हणजे नव्या प्रोजेक्ट लीडरला शिकवलं का, कधी, किती तास, याच्या नोंदी पातळी ठरवणाऱ्या असेसरसमोर ठेवणं आलं.

कंपन्यांतले अंतर्गत कोर्स रुजले ते या नोंदींमुळे. शिकवायला बहुधा क्वालिटी विभागातला माणूस असे आणि उदाहरणं कंपनीच्याच फसलेल्या किंवा तगलेल्या प्रोजेक्टची असत. फंक्शन पॉइंट (सॉफ्टवेअर काय काय करतं त्यावरून त्याचा आकार मोजण्याचं एकक) मोजून एस्टिमेट कसं काढायचं, क्लायंटचा साइनऑफ नसताना बदल का घ्यायचा नाही, आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये काय लपवायचं नाही, हे तिथे शिकवलं जाई. त्यात ऑडिटसाठी भरलेले कोरडे फॉर्मही पुष्कळ होते, हे मान्य. पण सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट म्हणजे काय, हे त्यानंतरच्या कोणत्याही कोर्सने इतक्या जवळून दाखवलेलं नाही. शतक पालटताना पाचव्या पातळीच्या जगातल्या केंद्रांपैकी निम्म्याहून अधिक भारतात होती. तेव्हा हे कोर्स अगदीच वाया गेले असं म्हणता येणार नाही.

मग पीएमपी आलं. अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संस्थेने ही परीक्षा १९८४ मध्ये सुरू केली होती आणि तिच्या मार्गदर्शक ग्रंथाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये निघाली. हा ग्रंथ कोणत्याही एका उद्योगाचा नाही, हाच त्याचा दावा. धरण असो वा पेरोल सिस्टिम, प्रक्रियागट, म्हणजे प्रारंभापासून समारोपापर्यंतच्या कामांचे गट, तेच पाच होते. आपल्याकडे ही परीक्षा टेंडरमध्ये आणि क्लायंटला पाठवायच्या रेझ्युमेत दिसू लागली, तसा तिला भाव आला. तिच्या अर्जाच्या दोन अटींनी पुढचं सगळं प्रशिक्षण घडवलं.

पहिली अट अनुभवाची. पदवीधराला किमान ३६ महिने आणि ४,५०० तास प्रकल्पाचं ‘नेतृत्व व दिशादर्शन’ केल्याचं दाखवावं लागे. पदवी नसेल तर ६० महिने आणि ७,५०० तास. दुसरी अट प्रकल्प व्यवस्थापनाच्या ३५ तासांच्या शिक्षणाची. या दोन अटी एकत्र वाचल्या तर हे ३५ तास मुळात कोणासाठी होते ते उघड आहे: तीन वर्षं प्रकल्प चालवून आलेल्या माणसाला एक सामायिक भाषा देण्यासाठी. बाजाराने मात्र क्रम उलटा केला. पुण्या-मुंबईतल्या वीकेंड बॅचेस ३५ तासांच्याच बेताने बसवल्या गेल्या. दोन शनिवार-रविवार मिळून चार दिवस, दिवसाला पावणेनऊ तास (जेवणाची सुट्टी यात धरायची की नाही, हे आयोजकांवर). अनेकांचा प्रकल्प व्यवस्थापनाशी पहिला औपचारिक परिचय तिथेच झाला.

वाद उभा राहिला तो ‘नेतृत्व’ कशाला म्हणायचं यावर. ऑफशोअर टीममध्ये पाच जणांचं काम बघणारा मॉड्यूल लीड नेतृत्व करतो का? बजेट ऑनसाइटच्या हातात, क्लायंटशी बोलणं ऑनसाइटचं. याच्याकडे शेड्यूल, रिव्ह्यू आणि रात्रीचे कॉल. अर्जात हे तास पाच प्रक्रियागटांत वाटून लिहावे लागत. ‘प्रारंभ’ आणि ‘समारोप’ या रकान्यांत इथल्या माणसाला प्रामाणिकपणे लिहिण्यासारखं फारसं नसे. काही अर्ज सोडतीसारखे निवडून त्यांचं ऑडिट होई. वरिष्ठाची सही घेऊन बंद पाकिटं पाठवावी लागत. तेव्हा अर्ज कसा भरावा हाच क्लासमधला एक तास होऊन बसला. तो एस्टिमेटच्या वाट्यातून गेला, असं माझं मत. ३५ तासांत सॉफ्टवेअर आधीच कमी होतं. अर्न्ड व्हॅल्यूची (झालेलं काम पैशात मोजून वेळ-खर्चाशी ताडण्याची) सूत्रं, कामांचा क्रम दाखवणाऱ्या नेटवर्क आकृत्या आणि मॉक टेस्ट यांतच चार दिवस संपत.

नवशिक्यांसाठी त्याच संस्थेने २००३ मध्ये कॅपम ही धाकटी परीक्षा काढली, तिची अट २३ तासांची. पण नोकरीच्या बाजारात तिला थोरलीचा भाव आला नाही. ब्रिटनच्या सरकारी संगणक खात्यातून निघालेली प्रिन्स२ ही प्रकल्प चालवण्याची पद्धत (१९९६) इथे मुख्यतः ब्रिटिश क्लायंट असलेल्या कंपन्यांपुरती राहिली.

अजाइलवाल्यांनी, म्हणजे छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत काम करण्याच्या पुरस्कर्त्यांनी, तास आणखी उतरवले. २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटात १७ जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यानंतर काही वर्षांतच दोन दिवस वर्गात बसलं की स्क्रम या अजाइल पद्धतीच्या ‘स्क्रम मास्टर’चं प्रमाणपत्र, तेही परीक्षेशिवाय, मिळू लागलं. २००९ मध्ये चाचणी आली खरी, पण त्याच वर्षी प्रमाणपत्रांच्या धोरणावरून ती देणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एकाने बाहेर पडून वेगळी संस्था काढली. या नव्या संस्थेची पहिली परीक्षा वर्गाला न बसताही देता येते.

कोविडमध्ये पीएमपी घरून देता येऊ लागली. पुढे ढकलत आणलेला नवा अभ्यासक्रम जानेवारी २०२१ मध्ये लागू झाला: १८० प्रश्न, २३० मिनिटं आणि साधारण निम्मा भाग अजाइल किंवा मिश्र पद्धतींचा. त्याच वर्षी ग्रंथाच्या सातव्या आवृत्तीत ४९ प्रक्रियांच्या जागी १२ तत्त्वं आली, आणि एका सर्च कंपनीने ऑनलाइन कोर्स काढून कॅपमचे २३ तास घरबसल्या भागवायची सोय केली. पीएमपीच्या शिक्षणाचे तास मात्र ३५च ठेवले गेले. स्क्रमला जागा करायची तर त्यातच, म्हणून क्लासवाल्यांनी पहिली कात्री सूत्रांना आणि नेटवर्क आकृत्यांना लावली. फंक्शन पॉइंट तर तिथे कधी नव्हतेच.