शंभरच्या पुढे स्टेअरिंग थरथरतंय? आधी कारण शोधू, मग खर्च करू

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून आमच्या दुकानात येणाऱ्या तक्रारी बदलल्या आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता चालू आहे. सपाट भागात कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. जालना-अंबड किंवा जालना-मंठा अशा फेऱ्यांत ज्या गाडीने कधी नव्वद गाठले नव्हते, ती आता दोन-दोन तास एकशेदहाने पळते. मग ग्राहक सांगतात, "गाडीत काहीच नव्हतं हो, हायवेला लागलो आणि स्टेअरिंग थरथरायला लागलं." बहुतेक वेळा दोष आधीपासूनच असतो. वेग कमी असतो म्हणून तो हाताला लागत नाही.

आणि यातले निम्म्याहून जास्त लोक आल्या आल्या म्हणतात, "अलाइनमेंट करून द्या." म्हणून हे पत्रक छापलं आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ते बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग तिरकं राहतं, टायर आतून किंवा बाहेरून एकाच कडेला झिजतं. थरथर त्याने थांबत नाही. थरथरीवरचं पहिलं काम बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करण्याचं. पैसे अलाइनमेंटचे गेले आणि थरथर तशीच राहिली, असं तुमच्या बाबतीत होऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे.

तीस ग्रॅमने काय होतं?

१६५/८० आर १४ हा छोट्या गाड्यांचा नेहमीचा टायर घ्या. त्याचा घेर १.९५ मीटरच्या आसपास असतो. ताशी १२० च्या वेगाला हे चाक सेकंदाला १७ वेळा फिरतं. रिमच्या एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर ६० च्या वेगाला ते चाकाला सुमारे दीड किलोने बाहेर खेचतं आणि १२० ला सहा किलोंहून जास्त. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. गोफण फिरवलेल्यांना हे हाताने माहीत आहे. शिवाय ही ओढ एका दिशेला नसते; सेकंदाला सतरा वेळा वर, खाली, पुढे, मागे अशी फिरत राहते आणि टाय रॉडमधून (चाकं वळवणाऱ्या दांड्यातून) स्टेअरिंगपर्यंत पोहोचते.

थरथर बऱ्याचदा एका ठरावीक वेगातच येते. ८५ ला सुरू होते, ९५-१०० ला कडेलोट होतो, ११० च्या पुढे गेलं की कमी झाल्यासारखी वाटते. चाक आणि सस्पेन्शन यांना स्वतःचा एक झोका असतो. चाकाच्या फेऱ्या त्या झोक्याशी जुळल्या की थरथर फुगते. "पुढे वेग वाढवला की जातं, म्हणून काही बिघाड नसेल" असं समजू नका. धक्के तेव्हाही चालूच असतात आणि ते बेअरिंग, बुश (सांध्यातले रबरी तुकडे), टायर सगळ्यांना बसत असतात.

दुकानात येण्याआधी तुम्ही एवढं पाहा

तुमचं निरीक्षण आमच्या मशीनइतकंच उपयोगी पडतं. थरथर स्टेअरिंगला जास्त जाणवते की सीटला? स्टेअरिंगला असेल तर आम्ही पुढच्या चाकांपासून सुरुवात करतो. सीट आणि खालचा पत्रा थरथरत असेल तर मागच्या. हा पक्का नियम नाही, पण सुरुवात बरोबर होते.

रस्ता मोकळा असताना त्याच वेगाला एकदा पाचव्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये चालवून पाहा. वेग तोच आणि थरथर तीच राहिली तर दोष चाकाकडचा. गिअर बदलल्यावर थरथर बदलली तर इंजिन किंवा त्याचं माउंटिंग (इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार) तपासावं लागेल. अॅक्सिलरेटर दाबल्यावर थरथर येत असेल आणि पाय उचलताच जात असेल, तर ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटवर संशय घ्यावा. त्याचा रबरी बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं बऱ्याचदा दिसतं.

फक्त ब्रेक लावताना थरथर येत असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालवू नका. तो ब्रेक डिस्कचा प्रश्न आहे: डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते किंवा ती फिरताना डुलते. जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं ते मात्र एबीएसचं (चाक लॉक होऊ न देणाऱ्या ब्रेक यंत्रणेचं) नेहमीचं काम आहे, त्यात बिघाड नाही.

आणि रस्ताही ऐका. समृद्धी काँक्रीटचा आहे. सांध्यांवरून जाताना ठरावीक अंतराने "टप-टप" येते आणि खोबणींमुळे घूं आवाज येतो. तोच वेग डांबरी रस्त्यावर धरून पाहा. तिथे गाडी शांत असेल तर आमच्याकडे यायची गरज नाही.

गाडी आली की आम्ही काय करतो

पहिलं काम पाण्याचं. आपल्याकडची काळी माती किती चिवट असते हे सांगायला नको. पावसाळ्यात गाडी वावराच्या बांधापर्यंत नेली की चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून दगड होतो. बाहेरून धुतलेलं चाक चकचकीत दिसतं, पण आत हात घातला की मुठीएवढी ढेपळं निघतात. तीस ग्रॅमचा हिशोब वर दिलाच आहे. इथे तर कधी कधी शंभर-दीडशे ग्रॅम माती एकाच जागी असते. गाडी उचलून, आतून प्रेशरने धुऊन आम्ही ती आधी रस्त्यावर चालवून पाहतो. त्यात काम झालं तर बॅलन्सिंगचे पैसे घेत नाही.

मग टायर. चाक वर उचलून, ट्रेडजवळ (टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीजवळ) एक खडू स्थिर धरून चाक हळू फिरवतो. टायर गोल असेल तर खडू आणि रबर यांतली फट सारखी राहते. फट एका जागी कमी-जास्त होत असेल तर तिथे तळहात फिरवतो. आतली स्टीलची पट्टी सुटली असेल तर रबर तिथे उचललेलं लागतं. असा टायर कितीही बॅलन्स केला तरी थरथर थांबत नाही, आणि तो उन्हात, जास्त वेगात फुटू शकतो. मे महिन्यात मराठवाडा-विदर्भाच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर असा टायर घेऊन जाणं म्हणजे घरच्यांचा जीव धोक्यात घालणं आहे. साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, फुगा आला असेल तरी आमचं सांगणं तेच: टायर बदला. "एवढी नागपूरची ट्रिप होऊ द्या" असं आम्हाला कृपया म्हणू नका.

टायरवर चार आकडी निर्मिती खूणही पाहतो. २३२१ लिहिलं असेल तर तो २०२१ च्या २३ व्या आठवड्यातला. ट्रेड १.६ मिलिमीटरपेक्षा कमी राहिलं असेल तर कायद्यानेही टायर बाद.

पंक्चर बंद करायचं पातळ सीलंट टायरमध्ये ओतलं असेल तर आधी सांगा. ते आत एका जागी जमतं आणि मशीनवर दर वेळी वेगळा आकडा दिसतो.

खड्ड्यात चाक आपटून रिम वाकलं असेल तर तेही याच वेळी दिसतं. लोखंडी रिम थोडं वाकलेलं असल्यास सरळ होतं. तडा गेलेलं अलॉय (मिश्रधातूचं रिम) वेल्डिंग करून परत लावायला आम्ही तयार नाही.

बॅलन्सिंग होताना समोर उभे राहा

चाक मशीनवर बसवण्याआधी जुनी वजनं काढली पाहिजेत आणि रिमचं मधलं भोक साफ झालं पाहिजे. चाक मधोमध बसलं नाही तर मशीन खोटे आकडे दाखवतं. मशीनमध्ये रिमचा व्यास, रुंदी आणि मशीनपासून रिमपर्यंतचं अंतर भरावं लागतं. मागच्या गाडीचे आकडे तसेच राहिले तर सगळं काम वाया. लोखंडी रिमला क्लिपची वजनं बसतात, अलॉयला आतून चिकटवायची. चिकटवण्याची जागा पुसून कोरडी केली नाही तर पुढच्या सर्व्हिसिंगच्या धुण्यातच ती निघून जातात. तुमच्या अलॉयच्या आत पट्टीएवढा स्वच्छ चौकोन दिसला तर तिथलं वजन पडलं आहे, असं समजा.

वजनं लावल्यावर मशीन दोन्ही बाजूंना शून्य दाखवतं. तिथे थांबायचं नाही. चाक सैल करून, अर्धा फेरा फिरवून, परत आवळून पुन्हा फिरवायला सांगा. आता पाच ग्रॅमच्या आत आकडा आला तर काम बरोबर. वीस-पंचवीस आला तर चाक मशीनवर मधोमध बसलेलंच नव्हतं. आम्ही हे न सांगता करतो, पण तुम्ही कुठल्याही दुकानात गेलात तरी मागून घ्या. एका चाकाला ऐंशी-शंभर ग्रॅम लागत असतील तर वजनं ठोकत न बसता टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला हवा.

चाक परत लावण्याआधी हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) गंज तारेच्या ब्रशने काढणं हेही मोठं काम आहे. गंजाचा पातळ थर राहिला तरी चाक तिरकं बसतं. बाहेरून घेतलेल्या अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग लागते. ती नसेल तर मशीनवर शून्य आलेलं चाक गाडीवर पुन्हा थरथरतं.

इतकं करूनही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून गाडी चालवून पाहतो. थरथर स्टेअरिंगवरून सीटकडे गेली तर दोष चाकातच आहे. स्टेअरिंगलाच राहिली तर हब, बेअरिंग, टाय रॉड एन्ड, लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बुश यांच्याकडे वळायचं. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि गाडी वळणावर झुकली की बदलतो. या अदलाबदलीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यामुळे हजारोंचे नको ते पार्ट बदलायचे वाचतात.

केव्हा गाडी तिथेच थांबवायची

थरथर हळूहळू वाढलेली नसेल, अचानक आली असेल. सोबत "खट-खट" आवाज असेल. किंवा नुकतंच पंक्चर काढून चाक लावलेलं असेल, तर हळूहळू वेग कमी करा, गाडी डावीकडे सुरक्षित जागी घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि चाकाचे नट हाताने तपासा. सैल नटवर गाडी चालवली की भोकं मोठी होतात आणि बोल्ट तुटतात. नट घट्ट असतील तर टायरवर फुगा पाहा. फुगा दिसला तर स्टेपनी लावा, मगच पुढे जा.

येताना स्टेपनी गाडीत असू द्या, आणि अलॉयला लॉक नट असेल तर त्याची चावी आणा. हवा सकाळी, टायर गार असताना भरून घ्या. प्रमाण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. काम झाल्यावर नट आम्ही समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याला आवळतो. तरीही ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर एकदा दुकानावरून जा. नट पुन्हा तपासायला पाच मिनिटं लागतात आणि त्याचे पैसे नाहीत.